खोटं वरडायचं, खरं गिळायचं

मु. पो. जांभूळवढा, ता. कोरेगाव
१२ जून २०२५

चि. सौ. प्रियदर्शनीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

न्हाई गं बाई, तू इचारलंस तसं, आधी दगुड आणि मागनं शिव्या, असं न्हवतं. आधी शिव्याच. सांगलीच्या कालेजात इतिहास शिकवतीस आणि एवडं बी तुज्या बापानं सांगितलं न्हाई? दर साली बार बघाय माझ्याकडं यायचा आणि बायका वरडाय लागल्या की कानात बोटं घालायचा. बोटं मातूर सैल असायची.

तर लिवून घे. नागपंचमीच्या दुसऱ्या दिशी वरल्या आळीच्या बायका वढ्याच्या ह्या काठाला, खालच्या आळीच्या त्या काठाला. मधी गुडघाभर पानी. हलगी वाजली की सुरू. तुजा नवरा म्हशीला भिऊन माळ्यावर निजतो, तुजी सासू मांजरासंगं भांडून दूध पिती. कुनाला सोडायचं न्हाई. दिवस कलला की हलगी थांबायची, मग पान्यात उतरून एकमेकीची वटी भरायची. राग वाहत्या पान्याला. ह्याला वढ्याचा बार म्हनायचं. कायदा एकच, खोटं वरडायचं, खरं गिळायचं. खरी शिवी पानी वाहून नेत न्हाई, असं जुन्या बाया सांगायच्या.

बार कशानं बंद पडला ते समद्या गावाला ठावं हाय. त्र्याण्णव साली खालच्या आळीच्या बनुबाईनं मला दगुड मारला. कपाळाला खूण हाय अजून, बरोब्बर कुकवाच्या जागी. आदल्या दिवाळीत आमचं मालक गेलं हुतं. देवानं कुकू नेलं, बनीनं परत लावलं, असं मी हसून सांगती. एवडं छाप.

पत्रच लिवत जा. फोन केलास की सूनबाई स्पीकर लावून देती, आणि माझ्या शिव्या समदं घर फुकटात शिकतं. जावईबापू अजून च्यात साखर इसरतात का?

तुज्यावर माया उतू जानारी,
लीलाआत्या


सांगली
२३ जून २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ह्यांनी साखर घातलेला चहा माझ्यापुढं ठेवला आणि आत्याला तसं कळव म्हणाले. कळवलं.

आता कामाचं. तुमचे सरपंच पृथ्वीराजदादा म्हणाले, मी लिहितेय ते गावाच्या इतिहासाचं पुस्तक नागपंचमीला निघणार आणि यंदाच बार पुन्हा सुरू करायचा. पहिली शिवी तू द्यायचीस. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझा फोटो. आणि बारावरच्या प्रकरणात बनुबाईंचं नाव घालून लिहायचं, की त्यांनी दगड मारला आणि गावाची परंपरा बुडवली. त्यांच्या घरच्यांना आमंत्रण नाही.

नाव छापायला माझा हात धजत नाही, आत्या. वर्षानुवर्षं शिव्या हसत ऐकणारी बाई एकाएकी दगड का उचलेल? दगडाआधी तू काय ओरडलीस, ते तू लिहिलंच नाहीस. बनुबाई इथंच सांगलीत, मार्केट यार्डाजवळ लेकीकडं राहतात असं कळलं. जाऊन येऊ का?

तुझी माया आहे तशीच राहू दे.
प्रियदर्शनी


जांभूळवढा
३० जून २०२५

चि. सौ. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

काय वरडले ते बत्तीस वर्सांनी कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय? तिच्या म्हशीवरनं काय तरी असंल. तू मास्तरीण झालीस म्हनून आत्याची बी परीक्षा घेतीस व्हय?

बनीकडं जाऊ नगं. म्हातारं मानूस, कशाला जुनं उकरायचं. गेलीसच तर मी धाडलं असं सांगू नगं. आणि गेलीसच तर कानवले घिऊन जा, तिला आवडायचे. आणि कपाळाला कुकू लावती का, तेवडं बघून ये.

फोटूसाठी सूनबाईनं नवं लुगडं आनलंय, हिरवं. त्यात मी पोपटावानी दिसती.

तुजं चांगलं चितनारी,
लीलाआत्या


सांगली
९ जुलै २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. कानवले दिले. कुणी धाडले ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही, पण दोन खाऊन दोन पदरात बांधले.

पंचवीस वर्षं हळदीच्या गोदामात निवडायला जायच्या म्हणे. कपाळ मोकळं आहे. सांगलीत आले त्याच महिन्यात आपल्या हातानं कुंकू पुसलं, असं म्हणाल्या. मी छापायचा मजकूर वाचून दाखवला. छापू दे, दगुड म्याच मारला, म्हणाल्या. लीलाबाई काय ओरडल्या होत्या, असं विचारलं तर हसल्या. खोटंच काय तरी असंल, बारात खरं कोन वरडतं, असं म्हणाल्या.

निघताना माझ्या पिशवीत तुझं पत्र दिसलं. त्यांना वाचता येत नाही, पण हातात घेऊन बराच वेळ अक्षरांवरून बोट फिरवत बसल्या. हे अक्षर माझ्या वळखीचं हाय, एवढंच म्हणाल्या.

वीस तारखेला पुस्तक छापायला जाईल. काय लिहू ते तूच सांग.

तुझ्या उत्तराकडं डोळे लावून बसलेली,
प्रियदर्शनी


जांभूळवढा
१४ जुलै २०२५

चि. सौ. प्रियदर्शनीस अनेक आशीर्वाद.

अक्षरावरनं बोट फिरवलं म्हनतीस. तुजं पत्र आल्यापास्नं भाकरी गिळना झालीया.

बनी नि मी एका माहेरच्या, एकाच मांडवात लगीन झालेल्या. मी चौथी शिकले, तिनं शाळा भायेरनंच बघितली. तिचा नवरा केरबा पलटणीत. त्यानं तिकडंच दुसरं घर केलं आणि तसं पत्र धाडलं. ते म्याच बनीला वाचून दावलं. सासूला कळलं आसतं तर तिला दोन लेकरांसकट घराभायेर काढली आसती. म्हनून केरबाच्या नावानं म्या पत्रं लिवाय लागले. चार वर्सं लिवली. सासूला बी वाचाय येत न्हवतं, तवा वढा वलांडून वाचाय बी मीच जायची. आईच्या चरणी दंडवत, बनूला जपा. सासू रडायची, बनी रडायची, आणि मी मनात म्हनायची, काय झकास लिवलंय.

त्र्याण्णवला आमच्याच आळीच्या बायका म्हनाल्या, नवरा गेलेलीनं बारात हुबं ऱ्हायचं न्हाई. पल्याडनं बनीनं सांगावा धाडला, लीली न्हाई तर आमी बी न्हाई. म्हनून मला जागा मिळाली. समोर बनी, कपाळभर कुकू लावून. ते कुकू म्या लिवून लिवून राखलेलं. माझं खरं हुतं ते गेलं आणि तिचं खोटं तसंच लखलखतंय. मी वरडले, अगं बने, तुज्या नवऱ्याची पत्रं मी लिवती, त्यो दुसरीच्या घरात घोरतोय!

दोनी काठ खदखदा हसले. समद्यास्नी वाटलं, खोटंच हाय. बनी तेवडी हसली न्हाई, तिनं दगुड उचलला.

सासूनं त्याच सांजंला पत्रांचा गठ्ठा अक्षर वळखाय शाळंच्या गुरुजींकडं नेला. अब्रूपायी भायेर कुनी शबुद काढला न्हाई, पर महिन्याभरात बनी लेकरं घिऊन गेली. आणि गाव बत्तीस वर्सं तिला नावं ठेवतंय, मला जत्रंत म्होरं बशिवतंय, आणि मी कपाळाची खूण दावून हसवती.

हे माझ्या नावानिशी छाप. फोटू काढून टाक, पोपट पिंजऱ्यातच बरा. पृथ्वीराजाला मी सांगती, पहिली शिवी माझी न्हाई. आणि हे पत्र बनीला वाचून दाव. ह्या बारीला लिवनारी मी, वाचनारी तू.

लोभ ठिवलास तर ठिव, मागायला तोंड न्हाई.
लीलाआत्या

ता. क. शिव्या सपल्या आणि तोंडातनं निसाटलं, असं लिवनार हुते. निसाटलं न्हाई. तिची सासू तिच्या पाठीमागं येऊन हुबी ऱ्हायली, ती मला दिसली. तवाच मी वरडले.