साडूची खोड मोडणारी जाळी

२ मार्च
सूड घ्यायचा. नक्की. शेजाऱ्याच्या गव्हात माझा हार्वेस्टर चालू असताना साडू मागून आला, पडलेला भुसा उचलून तळहातावर चोळला आणि त्यातले दाणे चारचौघांत मोजले. सव्वीस. सत्ताविसावा खाल्ला. सासरे हसले. त्यांचा तीस एकर बियाण्याचा गहू कोणाच्या मशीनला द्यायचा, ते अजून ठरायचंय.

४ मार्च
दोष माझा नाही, कॉन्केव्हचा. म्हणजे मळणीच्या ड्रमखालची कमानदार जाळी. झिजलीय. नवी, सुधारित मागवली. माहितीपत्रकात छापलंय, ‘एकही दाणा वाया नाही’. ती ओळ फ्रेम करून साडूला भेट देणार.

९ मार्च, सकाळी ७
जाळी आली. फिटर म्हणाला, ड्रम आणि जाळीत बेताची फट ठेवा, चार ओळी कापून टाकीतला दाणा बघा. हा साडूच्या मशीनचंही काम करतो. हेर. चहा पाजून वाटेला लावला.

दुपारी ४
जाळी स्वतःच बसवली. दोन बोटं चेमटली. बायको म्हणते, पुस्तिका वाचा. पुस्तिका साडूसारख्यांसाठी असते. फट अगदी कमी केली, ड्रमचा वेग वाढवला. आता दाण्याची काय बिशाद ओंबीत राहायची.

११ मार्च
सासऱ्यांनी दोघांना एकेक एकर दिलाय. ज्याचं काम चोख, त्याला बाकीचं शेत. विजयाचं भाषण तयार. सुरुवात: बसा साडूभाऊ, दमला असाल.

१२ मार्च
जिंकलो. साडूने माझा भुसा तीनदा चोळला. एक दाणा नाही. भाषण रंगात आलं तेवढ्यात सासऱ्यांनी माझ्या टाकीत हात घातला. निम्मे दाणे फुटलेले. हळूच म्हणाले, “जावईबापू, मला बियाणं हवं होतं. तुम्ही दळण आणलंत.”
साडू हसला नाही. ते जास्त झोंबलं. पान्हा घेऊन माझ्या मशीनखाली शिरला, फट मोकळी केली, वेग उतरवला, एक पट्टा कापून दाखवला. अख्खे, टपोरे दाणे. मी आभार मानले नाहीत. बायकोने मानले. दोनदा.

१३ मार्च, सकाळी ६
निकाल. सासऱ्यांच्या मते जाळी माझी उत्तम, हात साडूचा. म्हणून सगळा गहू साडू कापणार, माझ्या मशीनने. म्हणजे तत्त्वतः मीच जिंकलो. मी फक्त धान्याची ट्रॉली घेऊन मागे राहायचं. धूळ फार, म्हणून साडूने तोंडाला बांधायला रुमाल पाठवलाय. मरेन, पण बांधणार नाही.

सकाळी ९
बांधला.