चालत न आलेली माती

९ जुलै
वरून वाहून येणारं पाणी आणि माती अडवायला शेताच्या खालच्या कडेला दोन खड्डे खणून झाले. लांबी, रुंदी, खोली सारखी. दोरीने पुन्हा मोजली. उतार एकच, पाऊस एकच. डाव्याच्या वर सोयाबीन, उजव्याच्या वर काकांशी भांडून न नांगरता ठेवलेली गवताची पट्टी. काका म्हणाले, "एक पावसाळा देतो. काही दिसलं तर ठीक, नाही तर सोयाबीन निघालं की गवतावरही ट्रॅक्टर." कॉलेज अर्धवट सुटल्यापासून पहिल्यांदाच माझ्यावर काही सोपवलं आहे.

१७ जुलै
धो-धो. नानाखेड्याच्या घरून गाडीने शेतावर, चिंब. सोयाबीनच्या ओळी उताराच्या दिशेने. ट्रॅक्टरवाल्या भैयांना तेच सोपं पडतं. पाणी धावतच आलं, चहासारखं. गवताकडून बराच वेळ काहीच नाही. घाबरलो. पाणी भलतीकडून तर गेलं नाही? सगळी कड चालून पाहिली. नाही. मग आलं, हळू, जवळजवळ नितळ. पाऊस थांबल्यावरही झिरपत होतं. एकटाच हसलो.

३ ऑगस्ट
पुन्हा तेच. डाव्या खड्ड्यात गाळ, उजव्याचा तळ दिसतो. भैया बघून म्हणाले, "तुम्हारी घास तो माटी पे ताला डाल के बैठी है." काकांना सांगितलं. "हं." एवढंच.

२४ ऑगस्ट
गणपतीची माती न्यायला काका आले. आमच्याकडे त्यासाठी शेताला कुदळ लावत नाहीत; पाण्याने आणून दिलेलीच माती घ्यायची. डावा खड्डा काठोकाठ. काका खूश. "बघ, आपणहून चालत येते. देवाची कृपा!" उजव्यात मूठभर. "तुझ्या गवतावर कृपा नाही रे."
बोलणार नव्हतो. बोललो. "काका, ही आपल्याच शेताची वरची माती. गेलेली माती आपण आलेली समजतोय."


२५ ऑगस्ट
काका जेवताना: "सगळीकडे गवत ठेवलं तर पुढच्या वर्षी गणपती कशाचा? तुझ्या डोक्याचा?"
म्हटलं, सगळीकडे नको. मधेमधे पट्ट्या, आणि ओळी आडव्या.
काकू वाढता वाढता म्हणाल्या, "मूठभर तरी येईल ना? मुठीएवढा करीन." आणि यंदाच उजव्या खड्ड्यातली माती मागून घेतली.

२७ ऑगस्ट
गणपती बसला. मुठीएवढा, पण सोंड, कान, मोदक सगळं जागच्या जागी. शेजारचे आजोबा आरतीला आले. "यंदा एवढासाच?" मी खाली बघितलं. काका म्हणाले, "यंदा आमची माती शेतातच राहिली. पोराने धरून ठेवली."
जसंच्या तसं लिहून ठेवतो आहे.

२८ ऑगस्ट
दीड दिवसाचं विसर्जन, बादलीत. ते पाणी दरवर्षी नाल्यात जातं. यंदा काका बादली घेऊन गाडीवर माझ्यामागे बसले. "शेतावर चल." गवताच्या माथ्याला ओतली, हाताने माती पसरली. सोयाबीनकडे पाण्याने पाडलेली घळ बघत उभे राहिले.
तेवढ्यात काकांना भैयांचा फोन, पुढच्या नांगरटीचं विचारायला. घासवाली पट्टी भी जोतना है क्या?
"बाद में बताते हैं," काका म्हणाले.
येताना वाटेत गाडी थांबवायला लावली आणि दुसऱ्याच्या शेताचा उतार बघत राहिले.