डिस्चार्ज

४ मार्च
आज फजितीच झाली. ह्यांच्या खाटेला अडकवलेल्या कागदावर सिस्टरनं 'डिस्चार्ज' लिहिलेलं दिसलं. तेवढं इंग्रजी मला येतं. घाईघाईनं डबा धुतला, पिशवी भरली. सिस्टर हसली. म्हणाली, "अहो ताई, घरी नाही सोडलेलं. भाजलेल्या जागेतून पू येतोय, त्यालाही डिस्चार्जच म्हणतात."

पिशवी परत रिकामी केली. पू म्हणजे आत चिघळलंय. 

६ मार्च
ताप. बॉयलर फुटला त्या दिवसाचंच बडबडतात — "वाफ सोडायचा व्हॉल्व्ह मी उघडला होता ना?" ह्यांचा कामावरचा जोडीदार जागीच गेला. चौकशी चालू आहे. ठपका ह्यांच्यावरच येणार म्हणतात सगळे. मी सांगते, उघडला होता हो. मला काय माहीत!

७ मार्च
कंपनीचं पत्र घरी आलं. सगळं इंग्रजीत. दोनदा वाचलं, एकच शब्द ओळखीचा — डिस्चार्ज. कंपनी कशाला पुवाबद्दल लिहील? शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून म्हणाली, "माझ्या भावाला असंच आलं होतं. कामावरून काढलं की तोच शब्द घालतात."

 म्हणजे ठपका बसलाच. पत्र पिशवीच्या तळाशी, साडीखाली ठेवलं. आत्ता कळलं तर हाय खातील.

१० मार्च
दोन घास खाऊन ताट सरकवलं. भिंतीकडे तोंड.

१३ मार्च
"पत्र आलं का गं?" रोज तेच. आज डोळ्यांत बघून नाही म्हटलं. खोटं बोलायला इतकं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. त्याचीच भीती वाटली.

१६ मार्च
धाकटे दीर आले. राहवलं नाही — जिन्यात गाठून पत्र दाखवलं. वाचता वाचता ते पायरीवरच बसले. "वहिनी, नोकरी नाही गेली. आरोपातून मोकळं केलंय दादाला. व्हॉल्व्ह उघडाच सापडला. बॉयलरलाच आधीपासून तडा होता."

"ह्यालाही डिस्चार्जच म्हणतात?"

"ह्यालाही."

धावत वर जायला हवं होतं. पत्राची घडी घालत तिथेच उभी राहिले. पत्रावर तारीख छापलेली आहे.

१७ मार्च
दिरांनी वाचून दाखवलं.  ह्यांनी माझ्या हातातला हात काढून घेतला. एवढंच म्हणाले, "दहा दिवस तू मला खुनी ठेवलंस."