ठिणगी येईपर्यंत

३ मार्च
बायकोला आणायला होडीनेच जायचं, हे पक्कं. तळ्यापलीकडचं तिच्या भावाचं घर इथून दिसतं. महिनाअखेरीस ती तिकडेच खोली भाड्याने घेणार म्हणते. त्याआधी पोचलो की मिटलं. इंजिन सुरू होत नाही, एवढंच. प्लग बदलावा लागेल.

६ मार्च
नवा प्लग. दोरी ओढून ओढून खांदा गेला. इंजिन ढिम्म.

९ मार्च, सकाळ
मुलीचा फोन. म्हणाली, बाबा, बसने अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे. तिला कळत नाही. बसने जाणं म्हणजे नाक घासणं. होडीने जाण्याची गोष्ट वेगळी. वेगळी म्हणजे कशी, असं तिने विचारलं. मला स्पार्क चेक करायचा होता, फोन ठेवला.
स्पार्क नाही. ठिणगीच पडत नाही.

१४ मार्च
ठिणगीला वीज पुरवणारी कॉइल नवी बसवली. मेहुण्याने फोनवर सांगितलं, भाऊजी, ताई विचारते, जेवता ना वेळेवर. ब्रेड खातो म्हणालो. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. स्पार्कही नाही.

२२ मार्च
मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, काका, कॉइल बसते तिथला धातू उघडा लागतो, नाहीतर अर्थिंग मिळत नाही. तिथे काही फासलंय का? छे, म्हणालो.
खोलून पाहिलं. निळा रंग. गेल्या वर्षी मीच दिला होता, आतूनबाहेरून, दोन हात. तेव्हा ही म्हणाली होती, आतून कोण बघणार आहे. मी आठवडाभर अबोला धरला. बरोबरच होतं माझं. काम करायचं तर पुरतं करावं.

२६ मार्च
सँडपेपर आणला. पण पसाऱ्यात काम होत नाही. आधी शेड आवरली.

३१ मार्च, संध्याकाळ
रंग घासून काढला. पहिल्याच ओढीला इंजिन सुरू. आवाज पलीकडे पोचला असणार, कारण लगेच तिचाच फोन आला. म्हणाली, झालं ना सुरू, मग या. खोलीचं उद्या घरमालकाला सांगायचंय. मी धक्क्यावर येऊन थांबते.
आनंद व्हायला हवा होता. तिथे जाऊन काय बोलायचं, ते सुचेना. मी म्हणालो, आवाज बरोबर वाटत नाही, किंचित मिस मारतंय, मधेच अडखळतंय. ती म्हणाली, बरं, बघा तुम्ही.
इंजिन बंद केलं. प्लग काढून ठेवला. उद्या कार्बोरेटर खोलतो.