दोनदा खाकरण्याविषयी

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक, म्हणजे दुकान सोडून. ताईचा गुडघा कसा आहे? भावाने विचारलंय एवढं सांगा, अर्धं दुखणं तिथेच उतरेल. तुम्ही मुलाकडे राहायला गेल्यापासून बागकाम करता असं ऐकतो. (जन्मभर चष्म्याच्या काचा घासलेला माणूस आता माती चाळतो, यावर मी काही बोलत नाही.)

तर झालं असं. तुम्ही गेलात आणि आमच्या चिरंजिवांनी, सुरक्षेचं म्हणून, कॉम्प्युटरमधलं तुमचं खातं बंद केलं. दुसऱ्या दिवशी मी काउंटरवर लॉगिन केलं आणि आतलं काचा घासायचं मशीन नेहमीसारखं दोनदा टुकटुक करेल म्हणून कान लावून बसलो, तर आत सामसूम. पडद्यावर पाटी : 'सेवा सुरू होऊ शकली नाही.' आमची ही ती मागून वाचून पुटपुटली, "माझी रोज चालू असते, तिची कुठे पाटी लागते?" मी ऐकलंच नाही असं दाखवलं. (माझे कान तिखट आहेत हे तिला पक्कं ठाऊक आहे.) मशीन बंद-चालू केलं, वायर हलवली, शेवटी त्याच्या पाठीत एक चापटही दिली. इथे भरलेले चष्म्याचे नंबर आत मशीनला पोचेनात, आणि एक आजोबा जुन्या चष्म्याला दोरा बांधून रोज चकरा मारू लागले.

शेवटी कॉम्प्युटरवाला आला. म्हणाला, काका, नंबर आत पोचवणारी एक सेवा मागच्या मागे चालते. लॉगिन झालं की ती आपोआप उठते, पण उठते ती तुमच्या दाजींच्या नावाने. त्यांचं खातंच नाही म्हटल्यावर तिला दारातूनच परत पाठवतात. म्हटलं, बाबा रे, हे तू मला शिकवतोस?

आठवतं ना? मी फुटपाथवरचा गॉगलवाला, तुम्ही काचा घासणारे, आणि पहिलं दुकान एवढंसं की मध्ये पडदा लावल्यावर एकाने श्वास सोडला की दुसऱ्याने घ्यायचा. तुम्ही मागे घासायच्या चाकाशी बसलात की दोनदा खाकरायचात. मी इकडून "या दाजी" म्हणायचो (तुम्ही आधीच आलेले असूनही), आणि मगच गिऱ्हाईक घ्यायचो. तुम्हाला सर्दी झाली त्या आठवड्यात मी दिवसभर "या दाजी, या दाजी" करत होतो. लोकांना वाटलं, दुकानात जावई बरेच आहेत. पुढे मशीन आलं तेव्हा मशीनवाल्याने विचारलं, तयार असल्याची खूण काय ठेवू? दोन टुकटुक मीच सांगितल्या. हे तुम्हाला कधी बोललो नव्हतो.

निघताना तुम्ही म्हणालात, आता सगळं मशीनच करतं, माझं काय काम? तर मशीनचं म्हणणं वर लिहिलं आहे. तुमचा पासवर्ड लगेच कळवावा.

तुमचा,
गॉगल

ता. क. : पासवर्ड नको. कॉम्प्युटरवाल्याने ती सेवा परवाच माझ्या नावावर केली. आजोबांचा चष्माही झाला.

आणखी ता. क. (हिच्या आग्रहावरून) : काल टुकटुक झाली आणि सवयीने मी "या दाजी" म्हणालो. समोरचं गिऱ्हाईक लाजलं. त्याचं अजून लग्न व्हायचंय. तुमचं स्टूल पडद्यामागे तसंच आहे. घासायला काही नाही. नुसतं येऊन खाकरून जा.