कारण: रुळावर माणूस

३ मार्च
नोकरीचा पहिला दिवस! मावशीच्या भाषेत, मी खुर्चीत बसून आगगाड्या हाकते. आमच्या खोलीतून चालकासमोरच्या पडद्यावर सल्ला जातो: पुढे सिग्नल लाल आहे, आत्ताच पॉवर बंद करा, गाडी आपसूक धावू द्या, पोचाल तोवर हिरवा होईल. ब्रेक नको, खोळंबा नको, वीजही वाचते. शेजारच्या टेबलावर काका, इथले सगळ्यात जुने. त्यांनी चहा पाजला आणि भिंतीवरचा उशिरांचा बोर्ड समजावला: जागा, वेळ, कारण.

६ मार्च
सकाळी दहालाच बोर्डावर ओळ उमटली: कि.मी. ४१, १०.४०, कारण रुळावर माणूस. म्हटलं, नोंदीत कुणाची तरी चूक झाली असेल. १०.४० ला चालकाचा फोन आला. गाडीखाली माणूस आला होता.

७ मार्च
काकांना विचारलं. म्हणाले, बोर्ड चुकत नाही. मागच्या गाड्या आधीच हळू करायच्या, म्हणजे एकही अडकत नाही. मग माझ्याकडे न बघता, "पोरी, आपल्याला वेळ वाचवायला ठेवलंय. माणसं नाही."

१० मार्च
कि.मी. १७, ११.२५. मी सल्ला दिलाच नाही, थेट 'थांबा' पाठवलं. गाडी थांबली. समोर खरंच एक आजोबा रूळ ओलांडत होते. चालकाने उतरून त्यांना हाताला धरून बाजूला नेलं. मला रडूच फुटलं. वर बघते तर ओळ तशीच. फक्त १७ चे १९ झालेले. ११.२५ ला तिथे दुसऱ्या गाडीखाली एक बाई—

११ मार्च
गाडी थांबवून उपयोग नाही, ओळ पुढे सरकते. त्या माणसालाच धरायला हवं. स्वतः जाऊन.

१२ मार्च
कि.मी. २३, दुपारी १२.५०. काकांनी दंड धरला. जाऊ नकोस म्हणाले, तुझ्या आधी या टेबलावर होता तोही असाच— मी हिसडा देऊन निघाले.

१२.४४. पोचले. दोन्हीकडे उंच भिंती, मध्ये रूळ. चिटपाखरू नाही.

१२.४७. हाका मारल्या. काकांना फोन केला. ओळ तशीच आहे म्हणाले. मागच्या गाड्या हळू केल्यात म्हणाले. रडत होते. का रडत—

१२.४९. कुणीच नाही. कि.मी.च्या दगडापासून वळणापर्यंत पाहिलं. इथे रुळावर फक्त मी—