एझ्राची कागदपत्रं आणि तुकारामचा फोन

१२ जानेवारी २०२५, रविवार

नवीन काम आलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या सैनिकांची पत्रं, एकोणिसाव्या शतकातली. तिकडच्या कुठल्याशा संग्रहालयाने स्कॅन करून पाठवलीत. आम्ही ती इकडे आखातात, अदलियातल्या ऑफिसात बसून टाइप करायची! गेल्या महिन्यात जुन्या अरबी पावत्या होत्या, आता हे. मला काय, अक्षर लागलं की झालं.

आमची सुपरवायझर फिजा म्हणाली, "अन्सारभाई, हँडरायटिंग तुम्हालाच जमतं. घ्या."

घेतलं. दिवसभर मोजे, चिखल, जुलाब, घरच्या गाईची चौकशी. लढाई फारशी नाहीच.

१५ जानेवारी

आज मेलेल्यांची पत्रं. म्हणजे मेलेल्याच्या सोबत्याने त्याच्या घरी लिहिलेली. सगळी एकाच साच्यातली – त्याला त्रास झाला नाही, मी जवळ होतो, शेवटी त्याने तुमचं नाव घेतलं. जणू कुणी वर्गात फळ्यावर लिहून दिलंय! संध्याकाळपर्यंत पुढचं वाक्य न बघताच बोटं चालायला लागली.

१९ जानेवारी

तेच. जेवणानंतर झोप आली.

२१ जानेवारी

एझ्रा पेन नावाच्या सैनिकाचा गठ्ठा. सोबत्याने बायकोला लिहिलंय – झोपेत गेला, चेहरा शांत होता. त्याच गठ्ठ्यात खाली तंबूतल्या इस्पितळाचा कागद. पोटात गोळी. दोन दिवस ओरडत होता, माणसं ओळखत नव्हता.

घरी बायकोला, खदिजाला सांगितलं. म्हटलं, बघ, किती सहज खोटं लिहितात.

ती भाकरी थापत होती. "मग काय लिहायचं होतं त्यानं? ओरडत होता म्हणून?"

"निदान गप्प बसायचं."

"तुम्ही बसा गप्प," म्हणाली. आमचं संभाषण खलास.

२४ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी कैलासचा फोन. कैलास म्हणजे आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर, कराडकडचा. सलमाबादला एका खोलीत चौघे राहतात. त्यातला तुकाराम गेला. वेल्डर, महाडच्या बाजूचा. माझी त्याची दोन-तीनदाच भेट – आमच्या म्हसळ्याची सुकी मासळी मागायचा.

सुट्टी म्हणून तुकाराम एकटाच खोलीत होता. कैलास साहेबांच्या कुटुंबाला घेऊन दिवसभर बाहेर, बाकीचे दोघे ओव्हरटाइमला. कैलास परतला तर हा दोन खाटांच्या मधे पडलेला. हार्ट, म्हणे.

२५ जानेवारी

कंपनीने तुकारामच्या भावाला कळवलं होतं, पण नुसतं "गेला" एवढंच. घरचे कैलासच्या नंबरावर फोन करत होते. नंबर कंपनीनेच दिलेला.

कैलास सकाळीच दारात. "अन्सारभाई, तुम्हीच बोला. माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही."

मी फोन लावला. बायकोने उचलला, लक्ष्मी नाव. स्पीकरवर टाकला असावा, मागे माणसं होती. मी कोण ते सांगितलं. बॉडी कधी निघेल, कुठले कागद लागतील – हे सगळं नीट बोललो. आवाज स्थिर होता माझा.

मग मधेच म्हातारीचा आवाज आला. "बाबा, माझा तुकाराम काय बोलला का रे शेवटाला?"

मी कैलासकडे बघितलं. तो भिंतीकडे बघत होता.

म्हटलं, "आई, कैलास जवळच होता. त्रास नाही झाला. आधी तुमचं नाव घेतलं, मग वहिनींचं."

म्हातारीने हंबरडा फोडला. मग म्हणाली, "सुखानं गेला गं, सुखानं गेला."

वहिनी रडल्या नाहीत. नुसतं "बरं" म्हणाल्या. मला जरा कोरडंच वाटलं ते.

फोन ठेवल्यावर कैलास म्हणाला, "मी कुठं होतो जवळ?" मी म्हटलं, आता होतास. कुणी विचारलं तर होतास.

२८ जानेवारी

पोलिसांचा कागद, हॉस्पिटलचा कागद, एम्बसीचा कागद. सगळीकडे "इंशाल्ला बुकरा", म्हणजे देवाची मर्जी असेल तर उद्या. कैलास आणि मी दिवसभर गाडीत.

३० जानेवारी

तुकाराम रात्रीच्या विमानाने गेला. मुंबईहून पुढे ॲम्ब्युलन्स. पेटीवर नाव इंग्रजीत, स्पेलिंग चुकलेलं. मी सांगून बदलून घेतलं.

३ फेब्रुवारी

ऑफिस. एझ्राचा गठ्ठा अजून माझ्याच टेबलावर. सोबत्याचं पत्र टाइप करून टाकलं. इस्पितळाचा कागदही. दोन्ही पुढे पाठवले. फिजाने विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" म्हटलं, हो, वारा लागलाय थोडा.

९ फेब्रुवारी, रविवार

दुपारी लक्ष्मीवहिनींचा फोन आला. परसात येऊन बोलतेय, म्हणाल्या.

"भाऊ, ते पडले तेव्हा माझ्याशीच बोलत होते. फोन चालू राहिला. पाणी मागत होते, किती तरी वेळ. तिकडच्या दुसऱ्या कुणाचा नंबर नव्हता माझ्यापाशी. मी नुसती ऐकत बसले."

मी फोन घेऊन बाहेर जिन्यात आलो.

"नाव कुणाचंच नाही घेतलं त्यांनी. पण सासूबाई आता जेवतात. आल्या-गेल्याला तुमचंच सांगतात. उद्या दीर फोन करतील तुम्हाला, परत सगळं विचारतील."

"काय सांगू, वहिनी?"

"तेच."